तारेचा ताण आणि सहीची किंमत

महाराष्ट्रात विमान-उद्योगाचा विषय निघाला की चर्चा हमखास एका ठरावीक वळणाने जाते. सी-२९५ ह्या लष्करी मालवाहू विमानाच्या जुळणीचा कारखाना बडोद्यास होणार असे २०२२ मध्ये जाहीर झाले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटनही झाले. त्यावरून उठलेला गदारोळ वाचकांच्या स्मरणात असेल. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरॉनॉटिक्सच्या कारखान्यातून 'तेजस' विमानाने पहिले उड्डाण केले, तेव्हा आपल्याकडे तितक्याच उत्साहाने समाधान व्यक्त झाले. कारखाना आपल्याकडे आला की परक्याकडे गेला, एवढ्याच प्रश्नाभोवती हा सारा वाद घुटमळत राहतो. कारखान्यासाठी जी माणसे आणि ज्या सवयी लागतात त्या आपल्याकडे आहेत काय, हा त्याहून कठीण प्रश्न सहसा विचारला जात नाही.

शिरूर व दौंड ह्या तालुक्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तेथे मोटारी, शीतकपाटे, धुलाईयंत्रे तयार होतात. दौंड तालुक्यात कुरकुंभची वसाहत आहे. तेथे रसायने व औषधी द्रव्ये बनतात. शेजारच्या पुरंदर तालुक्यात नियोजित विमानतळाचा वाद २०१६ पासून चालू आहे, आणि दक्षिणेस बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने उडत आली आहेत. अशा वेळी "विमान-उद्योगात आमच्या मुलांना काय मिळणार?" असे येथील पालकांनी विचारले तर ते स्वाभाविकच होय. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना संपूर्ण विमानाकडे पाहून दिपून जाण्यापेक्षा त्यातील एखादा क्षुल्लक वाटणारा भाग हाती घेणे अधिक उपयोगाचे ठरेल. प्रस्तुत लेखात त्यासाठी विमानाच्या नियंत्रणाची पोलादी तार, म्हणजे कंट्रोल केबल, आणि तिला जोडलेल्या फिटिंग्ज ह्यांचा विचार केला आहे.

मोटेची सोंदूर आणि विमानाची तार

कल्पना जुनीच आहे. विहिरीवरच्या मोटेला दोन दोर असत. जाड नाडा मोट ओढून वर आणी. बारीक सोंदूर मोटेची सोंड सांभाळी. ओझे नाड्यावर असले, तरी पाणी थारोळ्यात पडणार की पुन्हा विहिरीत सांडणार हे सोंदूर ठरवी. तिची लांबी आणि ताण बरोबर नसेल तर बैलांचे सारे श्रम फुकट जात. विमानातही इंजिन ओढण्याचे काम करते, आणि विमान कोठे वळेल, नाक वर करील की खाली, हे एका बारीक तारेवर अवलंबून असते.

सेस्ना १५२ किंवा १७२ सारख्या प्रशिक्षण विमानात वैमानिक हातातील चक्र फिरवतो, मागेपुढे करतो, पायांनी पावटे दाबतो. त्या हालचाली पोलादी तारांच्या द्वारे पंखांच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांपर्यंत आणि शेपटीच्या आडव्या व उभ्या फळ्यांपर्यंत पोहोचतात. तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून प्रत्येक हालचालीसाठी तारांची जोडी लागते. एक ओढली की दुसरी सैल सुटते, आणि दोन्ही मिळून एक बंद फेरा पूर्ण होतो.

राइट बंधू सायकलींचा व्यवसाय करणारे होते, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या १९०३ च्या विमानातही पंखांना पीळ देण्याचे काम तारांनीच होत असे. सायकलीच्या ब्रेकची तार आणि विमानाच्या सुकाणूची तार ह्या एकाच घराण्यातल्या होत. दोघींच्या दर्जात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि आपल्या विषयाचे मर्म नेमके त्या अंतरात आहे.

विमानाच्या मुख्य नियंत्रणात सामान्यतः वापरली जाणारी तार सात पदरांची असते, आणि प्रत्येक पदरात १९ बारीक तारा असतात. म्हणजे एकूण १३३. इतक्या बारीक तारांचा पीळ असल्यामुळे ती कप्पीवरून लवचिकपणे वळते. जेथे वळणे थोडी असतात तेथे सात पदर आणि प्रत्येकात सात तारा, अशी ४९ तारांची जरा ताठ केबलही चालते. धातू जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद किंवा न गंजणारे पोलाद असतो. १३३ तारांची एक अष्टमांश इंच जाडीची, म्हणजे तीन मिलिमीटरहून किंचित जाड केबल, मुलामा दिलेल्या पोलादाची असल्यास सुमारे ९०० किलोग्रॅम ताण सोसते. हाताच्या करंगळीहून कितीतरी बारीक अशा दोरीवर मोठी म्हैस टांगण्यासारखे हे आहे.

तथापि, तार कितीही मजबूत असली तरी ती कोठेतरी बांधावी लागते. आणि गाठ मारून विमान चालत नाही. म्हणून फिटिंग्ज आल्या. तारेच्या टोकाला पोलादी टोपण बसवून ते यंत्राने इतके दाबतात की टोपणाचा धातू तारांच्या पदरांत शिरून एकजीव होतो. नंतर त्याची जाडी मापकाने तपासतात, आणि तारेच्या किमान भंगबलाच्या ६० टक्के ताण देऊन सांधा खरा उतरतो की नाही हे पाहतात. तारेची दिशा बदलण्यासाठी कप्प्या असतात. ती भिंतीला घासू नये म्हणून मार्गदर्शक कड्या असतात, पण ह्या कड्यांनी तारेला तीन अंशांहून अधिक वळवू नये असा दंडक आहे. ताण कमीजास्त करण्यासाठी टर्नबकल असते. तिच्या एका टोकाला उजवे आटे व दुसऱ्याला डावे आटे असतात. मधली नळी फिरवली की दोन्ही टोके एकाच वेळी जवळ येतात किंवा दूर जातात. नळीबाहेर तीनहून अधिक आटे दिसता कामा नयेत, आणि काम संपल्यावर ती आपोआप उलगडू नये म्हणून तिला बारीक तारेने जखडलेच पाहिजे, असे नियम आहेत.

उन्हाळ्याचा आणि उंचीचा हिशेब

रेल्वेत जुन्या पद्धतीचे हात वर-खाली होणारे सिग्नल तारेने ओढले जात. दुपारच्या उन्हाने तार लांबली की केबिनमधील माणसाला तिचा ताण पुन्हा जुळवून घ्यावा लागे. दौंडसारख्या जंक्शनच्या गावात रेल्वेत उमेदीची वर्षे घालवलेल्या जुन्या मंडळींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. विमानात गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते, कारण तेथे तार पोलादाची आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दहा मीटर लांबीची तार व तितकाच सांगाडा घेतला आणि तपमानातील फरक ९० अंशांचा धरला, तर ढोबळ हिशेबाने दोघांच्या लांबीत सुमारे एक सेंटिमीटरचे अंतर पडते. जमिनीवर उन्हात तार ताणली जाते. उंचावरच्या थंडीत ती सैल पडू लागते. म्हणून तारेचा ताण त्या दिवशीचे तपमान पाहून तक्त्याप्रमाणे लावतात, आणि मोठ्या विमानांत ताण आपोआप सारखा ठेवणारी साधने बसवतात.

तपासणीची पद्धत मात्र विलक्षण साधी आहे. तंत्रज्ञ तारेवरून कापडाचा तुकडा फिरवतो. १३३ पैकी एखादी तार तुटलेली असेल तर तिचे टोक कापडात अडकते. कप्पीवरून जाणारा भाग सैल करून वाकवून पाहतात, कारण आतली तुटलेली तार सरळ स्थितीत दिसत नाही. ह्या कामाला फार भांडवल लागत नाही. त्याला लागते ती चिकाटी, आणि "सगळे ठीक आहे" असे घाईत लिहून टाकण्याचा मोह आवरणारे मन.

येथे एक आक्षेप संभवतो. आता विमाने विजेच्या संदेशांवर चालतात, मग ह्या जुनाट तारांची चर्चा कशासाठी? आक्षेप अर्धाच खरा आहे. 'तेजस' किंवा एअरबस ए-३२० ह्या विमानांत वैमानिकाची आज्ञा संगणकामार्फत व विजेच्या वाहिन्यांतून जाते, हे खरे. परंतु बोइंग ७३७ मध्ये वैमानिकाच्या हातातील दांड्यापासून द्रवदाबाच्या यंत्रणेपर्यंत पोलादी ताराच जातात, आणि द्रवदाब नाहीसा झाल्यास त्याच तारांनी वैमानिकाला बाहुबलावर विमान सांभाळता येते. लहान शहरांना जोडणाऱ्या एटीआर-७२ विमानाचे नियंत्रणही मुख्यतः मानवी बळावर व तारा-दांड्यांवर चालते. प्रशिक्षण विमानांविषयी तर बोलावयासच नको.

तीन अपघातांचा धडा

तार तुटून अपघात होतात, अशी सर्वसाधारण समजूत असते. इतिहास निराळे सांगतो. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ तुर्की विमान कंपनीचे डीसी-१० विमान कोसळून ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. सामानाच्या कप्प्याचे दार हवेत उघडले, आतील दाबाने प्रवाशांच्या पायांखालची जमीन खचली, आणि त्या जमिनीखालून जाणाऱ्या नियंत्रण-तारा निकामी झाल्या. तारांत दोष नव्हता. सगळ्या तारा एकाच वाटेने नेल्या होत्या, हा दोष होता.

दुसरा प्रसंग ८ जानेवारी २००३ चा, अमेरिकेतील शार्लट शहरातील. बीचक्राफ्ट १९०० जातीचे लहान प्रवासी विमान उड्डाण करताच नाक वर करून कोसळले. त्यातील २१ जणांपैकी कोणीही वाचले नाही. एकदोन दिवसांपूर्वीच शेपटीच्या आडव्या फळ्यांच्या तारांचा ताण जुळवण्याचे काम झाले होते. टर्नबकल चुकीच्या रीतीने लावल्यामुळे फळ्या पुरेशा खाली जाऊ शकत नव्हत्या. त्यात विमानाचा मागचा भाग जड झालेला. चौकशीत जे उघड झाले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. विमान एका कंपनीचे, देखभालीचे कंत्राट दुसरीकडे, आणि प्रत्यक्ष हाताने काम करणारा माणूस पुरवणारी तिसरीच. तो तंत्रज्ञ त्या जातीच्या विमानावर हे काम प्रथमच करीत होता. ज्याने त्याला शिकवावयाचे, त्यानेच त्याचे काम तपासून सही करावयाची होती. पुस्तकातील काही पायऱ्या दोघांच्या संमतीने गाळल्या गेल्या. तार शाबूत होती. जबाबदारीची साखळी मात्र तीन ठिकाणी सैल होती.

तिसरा प्रसंग ११ नोव्हेंबर २०१८ चा. कझाकस्तानच्या विमान कंपनीचे एम्ब्रेअर १९० विमान पोर्तुगालमध्ये मोठी दुरुस्ती करून निघाले, आणि हवेत शिरताच बेलगाम डोलू लागले. पंखांच्या पट्ट्यांच्या तारा उलट्या बसवल्या गेल्या होत्या; चक्र डावीकडे फिरवावे तर विमान उजवीकडे कलू पाहत होते. दीड तासाच्या झुंजीनंतर वैमानिकांनी ते कसेबसे बेजा येथील तळावर उतरवले व सहाही माणसे वाचली. वैमानिकांचे कौशल्य वाखाणण्यासारखे खरे. पण ज्या चुकीची भरपाई करण्यासाठी ते खर्ची पडले ती जमिनीवर झालेली होती.

शंभर पायऱ्यांचा गुणाकार

मायकेल क्रेमर ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये एक सिद्धांत मांडला. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यान एका रबरी कड्याच्या दोषाने नष्ट झाले व सात अंतराळवीर गेले. त्या कड्याच्या नावानेच हा सिद्धांत ओळखला जातो. त्याचे सार असे की, काही उत्पादनांत कामांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. शंभर पायऱ्यांच्या कामात प्रत्येक पायरी ९९ टक्के बिनचूक होत असेल, तर संपूर्ण वस्तू निर्दोष निघण्याची शक्यता सुमारे ३७ टक्केच उरते. प्रत्येक पायरी ९९.९ टक्के बिनचूक झाली तर ती एकदम ९० टक्क्यांवर जाते. म्हणजे प्रत्येक कामगाराच्या अचूकतेत एका टक्क्याहूनही कमी सुधारणा झाली, तरी फळ दुपटीहून अधिक मिळते. त्यामुळेच अशा उद्योगात कुशल माणसे कुशल माणसांजवळच एकत्र येतात, तेथे वेतने चढतात, आणि ज्या प्रदेशात अचूकतेची सवय रुजलेली नाही तो प्रदेश स्वस्त मजुरी देऊनही मागे राहतो.

आपल्या औद्योगिक धोरणातील एक गृहीत ह्या गुणाकाराने मोडीत निघते. जमीन स्वस्त द्या, वीज सवलतीने द्या, कर कमी करा, म्हणजे उद्योग येईल, असे आपण मानत आलो. विमानांच्या दुरुस्ती-देखभालीवरील वस्तू व सेवा कर एप्रिल २०२० पासून १८ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणण्यात आला, आणि जुलै २०२४ पासून आयात होणाऱ्या सुट्या भागांवरही सरसकट पाच टक्के दर ठरला. हे निर्णय योग्यच होत. परंतु कराने वस्तू स्वस्त होते, विश्वासार्ह होत नाही. विमानाच्या तारेच्या किमतीत पोलादाचा वाटा थोडा असतो. उरलेली किंमत ती तार कोणत्या धातूची, कोणी दाबली, कोणी तपासली आणि कोणी सही केली, ह्या नोंदींची असते. दाखला नसलेली तार, ती कितीही उत्तम असली, तरी विमानाच्या दृष्टीने भंगारच होय.

रांजणगाव आणि कुरकुंभसाठी

ह्या दृष्टीने आपल्या तालुक्यांकडे पाहिले तर काय दिसते? कच्चा माल व कसब ह्यांची वानवा नाही. दुचाकींच्या केबल बनवण्यात बंगळूरूच्या एका भारतीय कंपनीने जगात नाव मिळवले आहे, आणि पुण्याच्या भारत फोर्जने बोइंगसाठी टायटॅनियमचे घडीव भाग पुरवले आहेत. नाशिक आपल्यापासून दूर नाही. परंतु आपल्या औद्योगिक वसाहतींत तरुण मुलगा प्रवेश करतो तो बहुधा कंत्राटी कामगार म्हणून. काही महिने एका कारखान्यात, काही महिने दुसऱ्यात. आज वेष्टन, उद्या जुळणी. कोणत्याही एका कामात त्याचा हात बसण्यापूर्वी त्याची मुदत संपते. अशा माणसाकडून ९९.९ टक्क्यांची अपेक्षा कशी करावी? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, "हे काम मला पटत नाही, मी सही करणार नाही," असे म्हणण्याचे धैर्य त्याने कोठून आणावे? ज्याची नोकरी उद्या राहील की नाही हे ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याचा नकार आणि त्याचा होकार दोन्ही सारखेच निरर्थक ठरतात. शार्लटचा धडा अमेरिकेपुरता नाही.

विमान-व्यवसायाच्या जुन्या शहाणपणात ह्यावर उपाय आहे. नियंत्रण-यंत्रणेचे काम झाले की एकाने केलेले काम दुसऱ्या स्वतंत्र माणसाने पुन्हा तपासावयाचे, ही दुहेरी तपासणीची रीत. मात्र दुसरा माणूस खरोखर स्वतंत्र असेल तरच ती रीत कामास येते. एरवी एका कागदावर दोन सह्या होतात, इतकेच. २०२३ च्या ऑक्टोबरात बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली, तेव्हा हवाई वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेची उड्डाणे थांबवून देखभालीच्या तपासणीचा निर्णय घेतला. त्या घटनांचा तारांशी संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. पण शिकाऊ मुले ज्या विमानांत बसतात ती आपल्याच उसाच्या शेतांवरून उडतात. त्या विमानांखाली झालेली प्रत्येक सही हा आपल्याही जिव्हाळ्याचा विषय आहे.

तेव्हा मागावयाचे असेल तर काय मागावे? पहिली मागणी अशी की, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोजमाप व नोंद ह्यांना हत्यार चालवण्याइतकेच महत्त्व मिळावे. मायक्रोमीटर, ताणमापक आणि तपासणीचा तक्ता प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून गेला पाहिजे. दुसरी अशी की, रांजणगावसारख्या वसाहतीत लहान कारखानदारांना परवडेल अशी सामायिक चाचणी-प्रयोगशाळा असावी. ताणचाचणीचे यंत्र एकट्या लघुउद्योजकाच्या आवाक्यात नसते, पन्नासजणांच्या मिळून असते. आणि तिसरी, सर्वांत अवघड मागणी अशी की, जेथे एखाद्याच्या सहीवर दुसऱ्यांचे प्राण अवलंबून आहेत तेथे सही करणारा माणूस कायम नोकरीत असावा आणि त्याच्या नकाराला कायद्याचे संरक्षण असावे. हे विमानापुरते नाही. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतील झडपांना आणि दाबपात्रांना हाच न्याय लागू आहे.

विमानाच्या तारांनी शिरूर-दौंडची बेकारी हटेल, असा दावा कोणी करणार नाही. विमाने थोडी, त्यांच्या तारा त्याहून थोड्या. ह्या धंद्यात हजारो हातांना काम मिळणे नाही. परंतु जी सवय ह्या तारेसाठी लागते, ती लागलेल्या कामगाराला मोटार, औषध, शस्त्रक्रियेची उपकरणे अशा कोणत्याही उद्योगात मागणी असते, आणि त्याचे वेतन स्वस्त मजुरीच्या स्पर्धेत घसरत नाही. मोठा कारखाना कोणत्या राज्यात जाणार हे मुंबई-दिल्लीस ठरते. कापडाचा तुकडा घेऊन तारेवरून प्रामाणिकपणे हात फिरवणारा आणि तुटलेली तार सापडली तर "हे विमान आज उडणार नाही" असे निर्भयपणे सांगणारा माणूस मात्र येथेच, आपल्या वर्गांत आणि कर्मशाळांत घडवावयाचा आहे. त्यासाठी कोणत्याही करारावर कोणाच्या सहीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.